भुजंगाची रुखसत

माझं तोंड काई वाईट न्हाई. माझ्या घरवालीला, कमलबाईला इचारा, तिनं धा जनीत बसून बगितलंय आन् मंग हो म्हनली. पर ईस वर्सं असं झालं, की म्या कुनाच्या दारात उभा ऱ्हायलो, की आतल्या बाया आदी छाती पिटायच्या आन् मंग इचारायच्या, "कोन गेलं?"

कारन मी मौतीचे सांगावे न्यायचो.

हे काम काई आमच्या घरचं न्हवतं. मानमोडीची साथ आली त्या साली आमच्या टाकळीत धावायला मानूस उरला न्हाई. माझे पाय लांब, छाती चांगली. पाटील म्हनले, भुजंग, तूच जा. गेलो. त्या साली लागलो ते लागलोच. मंग कुनी बी मेलं, की तिरडीचे बांबू आनायच्या आदी मला हाक.

सांगाव्याचे कायदे असतेत. राम राम म्हनायचं न्हाई. उंबरा वलांडायचा न्हाई. कोन गेलं आन् माती कवा, एवढंच बोलायचं. त्या घरचं पानी प्यायचं न्हाई. सांगून झालं की पाठ फिरवायची आन् फुडलं गाव धरायचं. धा कोस चालून नरडं कोरडं पडलेलं असायचं, आत रांजन दिसायचा, पर न्हाई म्हंजे न्हाई. अशी ईस वर्सं गेली. समद्या सोयऱ्यांची दारं मला पाठ, आन् एका बी घरचं पानी गोड का मचूळ, ते ठावं न्हाई.

ह्याच्यात एक दार माझ्या सख्ख्या भैनीचं. चतुराक्का, माझ्याहून सा वर्सांनी मोठी, चारठान्याला दिलेली. आमची माय गेली तवा तिला सांगावा कोन नेनार? मीच. निघालो. आनिक आठ गावं करायची हुती. आक्काच्या दारात उभा ऱ्हायलो आन् सवयीनं म्हनलं, "माय गेली. माती उद्या सकाळच्या पारी." आन् पाठ फिरवली.

चार पावलं गेलो आसन, मागून आक्का म्हनली, "भुज्या, तू भाऊ म्हनून आल्तास का डाकवाला म्हनून? पुन्यांदा माझ्या दारात पाय ठिवू नको."

मातीला ती आली, पर माझ्याकडं बगितलं न्हाई. त्याला अकरा वर्सं झाली. म्या बी गेलो न्हाई. कुन्या तोंडानं जानार? माझं तोंड बगितलं की लोक रडतेत.

आता रुखसतीचं सांगतो. तवा निजामाचं राज हुतं, कचेरीचा समदा कारभार उर्दूतला. आमच्याकडं एक गिरदावर यायचे, शेतं मोजायला. एका साली ते आलेच न्हाईत. दिनकरराव पाटलाला इचारलं तर म्हनले, "ते रुखसतीवर हाईत. सालभर."

"रुखसत म्हंजे?"

"म्हंजे कामाला सुट्टी. सरकार म्हनतंय, जा, सोयऱ्याधायऱ्यात ऱ्हा, हिंड, फिर, आन् मंग ये."

मला तो शब्द लय आवडला. ईस दिस तोंडात घोळवला. पाडव्याच्या दिसी गुढी उबारून झाली, पाटलाच्या वट्ट्यावर गेलो.

"मालक, मला रुखसत पायजे."

पाटलानं पानाची पिंक टाकली. "किती घटकेची?"

"सालाची. ह्या पाडव्यापून त्या पाडव्यापातुर."

"आन् सांगावे कोन नेनार?"

"दवंडी द्या. म्हनावं, भुजंग रुखसतीवर हाय, पाडव्यापातुर कुनी मरायचं न्हाई."

वट्ट्यावरची मान्सं हसली. पाटील बी हसले. "आरं, तुला हुद्दा न्हाई, पगार न्हाई, आन् रुखसत मागायलास."

"फुकटच्या कामाची रुखसत फुकटच की, मालक. तुमचं काय जातंय?"

"जाऊन करनार काय?"

"पानी पिनार," म्या म्हनलं. "ज्या ज्या दारात मौत नेली त्या त्या दारात जानार. राम राम म्हननार, आत बसनार, तांब्याभर पानी पिनार. चार दिस ऱ्हानार. मंग फुडलं दार."

पाटलाचं हसू थांबलं. त्यांच्या थोरल्या भावाचा सांगावा बी म्याच नेलता. म्हनले, "चतुराकडं जानार का?"

"तिच्याकडंच तर जायचंय. बाकीची गावं वाटंवर हाईत."

"कुटून सुरू करायलास?"

"पालमपून."

"पालम दक्षनेला, चारठानं उत्तरंला. ही कंची वाट?"

"भ्यालेल्या मानसाची वाट लांबूनच जाती, मालक."

पाटलानं मान हालवली आन् समद्यांदेकत म्हनले, "जा. भुजंगाला सालाची रुखसत." आता ह्या वट्ट्यावर चाँदमियाँ मनियार बसला हुता. बाजारोबाजार बांगड्या इकायचा. त्यानं बी ऐकलं. हे ध्यानात ठिवा.

घरी येऊन कमलबाईला सांगितलं. ती दळन निवडायली हुती. वर न बगता म्हनली, "शेत?"

"तुझा भाऊ बगतो म्हनलाय."

"मंग जा. पर त्या पाडव्याला गुढीच्या आदी घरात पायजेस. न्हाई आलास तर मीच रुखसत घिऊन तुला हुडकायला निगंन."

निघालो. पयली पालम. तितं माझा दोस्त लिंगराजआप्पा, त्याचं किराण्याचं दुकान. पोरपनी संगं गुरं राखलेली. त्याच्या घरी म्या दोनदा गेल्तो, दोन्ही बारी मौतीचा सांगावा घिऊन. म्हनलं, आता तरी नीट जावं. लांबूनच हात वर करून राम राम घालावा. घातला. आप्पाची घरवाली गंगम्मा दारात जवारी पाखडायली हुती. तिनं मला बगितलं, सूप खाली पडलं, जवारी कोंबड्यांनी खाल्ली, आन् तिनं जो गळा काढला तो दुकानापातुर ऐकू गेला. आप्पा धोतर सावरीत पळत आला.

"कोन गेलं रं, भुजंग?"

"कुनी न्हाई."

"खरं सांग. माझं काळीज घट हाय."

"आप्पा, कुनी बी मेलं न्हाई. मी पानी प्यायला आलोय."

गंगम्मा डोळे पुसत म्हनली, "धा कोसाहून पानी प्यायला? टाकळीची हीर आटली का?"

मंग माझ्या ध्यानात आलं. मौतीचा मानूस हात हालवीत येतो, पाव्हना काईतरी घिऊन येतो. फुडच्या गावाला म्या डोक्यावर एक मोठं कलिंगड घिऊन गेलो. मान मोडायची येळ आली, पर रडलं कुनी न्हाई. नुसते घाबरले. आप्पाकडं मातर महिना काढला. त्याच्या दुकानात बसायचो. गिऱ्हाईक मला बगून दचकायचं, आन् दचकलेलं गिऱ्हाईक भाव करीत न्हाई, आसं आप्पा म्हनायचा. जाताना मला सोडायलाच तयार न्हवता.

असं करीत करीत जेठात देवगावला आलो, माझ्या लेकीकडं. कस्तुरीला माझी भीती न्हाई, तिनं घरातलं तोंड बगितलेलं हाय. तिनं पुरनाची पोळी केली. दुसऱ्या दिसी बी केली. पंधरा दिस झाले, महिना झाला. देवगावहून चारठानं म्हंजे एका सकाळची चाल. रोज म्हनायचो, उद्या निगतो. रोज काईतरी निगायचं. गोठ्याला कूड घातलं, खाटा इनल्या, जावयाच्या बैलाला माझी सवय लागली. पंचमी झाली.

एक दिस कस्तुरी भाकर वाढता वाढता म्हनली, "दादा, घरजावई ऐकलाय. घरसासरा आजून ऐकला न्हाई."

"जड झालो का गं?"

"तुमी न्हाई जड. तुमच्या डोक्यावरचं आत्याचं वझं जड झालंय. ते उतरवून या, मंग दिवाळीपातुर ऱ्हावा."

जावई तोंडावर उपरनं धरून हसायला. दुसऱ्या दिसी निघालो. कलिंगडाचे दिस सरले हुते, म्हनून मक्याची दहा कनसं उपरन्यात बांधून घेतली.

चारठान्याच्या वेशीत शिरलो आन् रडनं ऐकू आलं. पाय थांबले. मनात म्हनलं, हितं कोन गेलं आन् सांगावा माझ्याबिगर कसा आला? खोटं कशाला बोलू, जरा वाईट बी वाटलं. ईस वर्सं काम केलं, आन् आपल्यावाचून बी लोक मरायलेत.

गल्लीत वळलो तर रडनं आक्काच्याच घरातलं. दाजी गेले का काय? बन्सीधरदाजी म्हंजे आक्काचा मालक, सरळ गडी, उर्दूत बोललं की नुसती मान हालवनारा. वट्ट्यावर धा-बारा बाया, मदी आक्का, केस मोकळे. म्या लिंबाच्या आड उभा ऱ्हाऊन कान दिला.

"आरं माझ्या भुजंगा," आक्का म्हनायली, "हरनाच्या पायाच्या राजा, कोसावरून तुझी चाल वळखू यायची रं..."

मी हादरलो. कोन भुजंग? पर आमच्या खानदानीत दुसरा भुजंग न्हाई.

"अकरा वर्सं पंचमीचा उपास तुझ्या नावानं धरला रं, माझ्या नागोबानं माझाच नाग नेला रं... देवावानी भाऊ माझा, कुनाच्या मुंगीला दुखिवलं न्हाई रं..."

खरं सांगतो, म्या लगीच फुडं जायला पायजे हुतं. पर पन्नास वर्सांत माझं आसं कौतुक कुनी केलं न्हवतं. म्हनलं जरा ऐकावं. आक्का माझ्या नावानं उपास धरती, हे बी मला ठावं न्हवतं. लिंबाला टेकून ऐकत ऱ्हायलो. डोळे भरून आले. आपन आसं चांगलं मानूस हुतो आन् मेलो, ह्याचं लय वाईट वाटायलं.

मंग आक्का म्हनली, "भोळा हुता रं, अक्कल थोडी कमी हुती रं..."

तवा म्हनलं आता बस. फुडं झालो. "आक्का."

समद्या बाया वळल्या. कडूबाई म्हनून शेजारीन हुती, ती पिठल्याची कढई घिऊन यायली हुती, मौतीच्या घरी चूल पेटत न्हाई म्हनून. ती हाय तितंच थांबली. कुनी तरी म्हनलं, "भूत हाय, पाय बगा उलटे हाईत का."

कडूबाईनं कढई न सोडता वाकून माझे पाय बगितले. "सरळ हाईत," ती म्हनली. "भेगा हाईत तेवढ्या."

आक्का हालली न्हाई. मी सवयीनं उंबऱ्याच्या भाईर उभा. तिनं बी सवयीनं इचारलं, "कोन गेलं?"

"मीच गेलो म्हनत्यात," म्या म्हनलं. "पर मी सांगावा न्हाई आनला. कनसं आनलीत. पानी प्यायला आलोय."

कनसं बगून मंग बायांना पटलं. भूत काई मका घिऊन फिरत न्हाई. कडूबाईनं समदा उलगडा केला. काल जिंतूरच्या बाजारात बन्सीधरदाजीला चाँदमियाँ मनियार भेटला. दाजींनी इचारलं, आमचा मेव्हना कसा हाय? त्यो म्हनला, "भुजंग तो रुखसत हो गया, पाडवे कोच." दाजीला रुखसत कळंना. मनियार तवर गिऱ्हाइकाच्या मागं. दाजी कचेरीफुडं अर्ज लिवनाऱ्या मुन्शीकडं गेले, इचारलं, रुखसत हुनं म्हंजे काय. मुन्शी शेर-शायरीचा मानूस. त्यानं टाक खाली ठिवला, आभाळाकडं बगितलं आन् म्हनला, "दुनिया से रुखसत होना, यानी गुजर जाना. अल्लाह सब्र दे."

दाजी रडत घरी आले.

म्या इचारलं, "आन् आता दाजी कुटं हाईत?"

"टाकळीला गेले," कडूबाई म्हनली. "सकाळी. तुझ्या घरवालीला भेटायला. चार म्हयने झाले आन् आपल्याला सांगावा बी आला न्हाई, म्हनून लय वाईट वाटलं त्यांना."

कमल तितं एकली. दाजी जाऊन दारात रडनार. तिला वाटनार, नवरा वाटंत कुटंतरी मेला. सकाळी निगाले म्हंजे आता जिंतूरच्या अलीकडं असतील. धावलो तर गाठीन. म्या कनसं वट्ट्यावर ठिवली, धोतर खोचलं आन् वळलो.

"भुज्या."

आक्काचा आवाज. अकरा वर्सापूर्वीचा, तसाच.

"पाठ फिरवायलास."

मी थांबलो. पाय वेशीकडं, कान मागं. वळून बगितलं तर ती उंबऱ्याच्या आत उभी, हातात भरलेला तांब्या. कवा उठली आन् कवा भरला, कळलं न्हाई.

"कमलला खोटं कळंल, आक्का. ती रडंल."

"रडू दे. मी रडले की कालधरून. एक दिस ती बी रडंल, मंग तू जिता दिसलास की आनंद हुईल. पर आता गेलास तर हा तांब्या पालथा करीन, आन् पुन्यांदा भरनार न्हाई."

म्या माझ्या पायाकडं बगितलं. ह्या पायांना धावायचं तेवढं कळतंय, बसायचं कळत न्हाई. सगळ्यांचा निरोप येळेवर पोचवायचा, आन् आपल्या मानसाजवळ घटकाभर थांबायला येळ न्हाई, ह्याच्यावरच तर अकरा वर्सं गेली. म्हनलं, दाजीची चाल मला ठावं हाय. हरेक झाडाखाली बसतेत. आन् कमल काई मेनाची न्हाई.

म्या उंबरा वलांडला. आत जाऊन घोंगडीवर बसलो. तांब्याला हात घातला तर आक्कानं तांब्या मागं घेतला.

"आदी मायचं सांग. कशी गेली? तू निस्तं म्हनलास, माय गेली. म्या इचारायच्या आत तुझी पाठ दिसली."

आता माझ्यावर पाळी आली. ईस वर्सांत म्या एक बी सांगावा चुकवला न्हवता, आसं लोक म्हनतेत. एक चुकवला हुता. म्या म्हनलं, "सकाळी गेली. सुद्दीवर हुती. माझा हात धरून म्हनली, चतुरीला माझा निरोप सांग."

"काय निरोप?"

"म्हनली, तिला म्हनावं, भाकर तव्यावरून लवकर काढू नको. कडा कच्च्या ऱ्हातात."

आक्का माझ्याकडं बगत ऱ्हायली. "आन्?"

"आन् काई न्हाई. मंग गेली. सांगाव्यात तेवढंच बोलायचं असतंय, कोन आन् कवा. भाकरीचं कसं सांगावं, म्हनून ऱ्हायलं. अकरा वर्सं ऱ्हायलं."

आक्का हसायली. हसता हसता रडायली. मंग मी बी रडायलो, कडूबाई बी रडायली, तिचा काई संबंध न्हवता. मायचं रडनं म्या आदी कवाच रडलो न्हवतो, आठ गावं करायची हुती ना. रडून झालं तवा आक्कानं तांब्या फुडं केला.

पानी जरा मचूळच हुतं. सगळा तांब्या प्यालो. आनिक मागितला.

मंग कडूबाईचं पिठलं आन् भाकर. मौतीच्या घरी शेजारी कडू घास आनतेत, त्यो माझ्या नावाचा आलेला. आपलाच कडू घास ज्याला खायला मिळाला आसा मानूस म्या तरी दुसरा बगितला न्हाई. पिठलं चांगलं झालं हुतं. कडूबाई म्हनली, "खा. खोटी मौत झाली की आयुस्य वाढतंय म्हनतेत. वाढलं म्हनून रोज आनायची न्हाई मी."

पाच दिस झाले. आक्का रोज भाकर करायची, कडा रोज कच्च्या. मी काई बोललो न्हाई. मायनं सांगून बगितलंच हुतं.

सहाव्या दिसी दुपारी आमी जेवायला बसलेलो, तवा दारात सावली पडली. बन्सीधरदाजी. धुळीनं भरलेले, उंबऱ्याच्या भाईर उभे, खाली मान. आत कोन बसलंय ते बगितलं बी न्हाई.

"सांगून आलो," दाजी आक्काला म्हनले. "पर चतुरा, ती कमल लय कठीन काळजाची बाई हाय. म्या दारात उभा ऱ्हाऊन रडलो. ती म्हनली, दाजी, काय झालं? म्या म्हनलं, भुजंग रुखसत झाला. ती म्हनली, व्हय, झालाय की, पाडव्याला झाला. आन् दळन निवडायली. म्या म्हनलं, बाई, तुला काईच वाटत न्हाई का? ती म्हनली, आदी जरा सुनं सुनं वाटलं, आता बरं वाटायलंय, घरात घोरनारं कुनी न्हाई."

आक्कानं पदर तोंडात कोंबला. म्या घास हातातच धरून ऐकायलो.

"आन् म्हनती कशी," दाजी म्हनले, "पाडव्याला परत येनार हाईत. म्या म्हनलं, कुटून? ती म्हनली, जितं गेलेत तितून. न्हाई आले तर मीच जानार हाय हुडकायला. दुक्कानं तिचं डोस्कं फिरलंय, चतुरा. पानी घे म्हनली, पर मौतीच्या घरचं कसं प्यावं? तसाच फिरलो. नरडं वाळून गेलंय."

"दाजी," म्या म्हनलं, "आत या. पानी प्या."

दाजींनी मान वर केली. माझ्याकडं बगितलं, ताटाकडं बगितलं, मंग माझ्या पायाकडं बगितलं. भिंतीला हात धरून हळूहळू खाली बसले.

"भुजंग," ते म्हनले, "तू कवा आलास?"

"तुमी मला पोचवायला गेलता ना, त्याच दिसी," म्या म्हनलं, आन् तांब्या त्यांच्याकडं सरकवला.